मधलं काय ते इथं करा

"बाहेरचे कोण कोण? उभे राहा."

आठवीचा वर्ग. भूगोलाचा तास. सरांनी फळ्यावर 'लोकसंख्या' असं लिहिलं आणि वळून हे म्हणाले. बाहेरचे म्हणजे कोण, कोणालाच कळेना. आम्ही तर सगळे वर्गातच बसलो होतो.

"ज्यांचा जन्म या गावातला नाही, ज्यांचे वडील पोटासाठी पुण्याला आले, ते सगळे. लाजू नका. उठा."

बाकं वाजली. आम्ही उभे राहिलो. परभणीचे, सोलापूरचे, यवतमाळचे, उत्तर प्रदेशातली दोन भावंडं. ओडिशाच्या एका मुलीला मराठी अर्धंच कळायचं, ती सगळ्यांकडे बघून उठली. बसून राहिली ती मोजकीच. त्यांच्या चेहऱ्यावर लगेच काहीतरी आलं. मधल्या सुट्टीत आमच्याबरोबर लंगडी खेळताना ते नव्हतं.

"बघा," सर बसलेल्यांना म्हणाले, "पुस्तकात चित्राला जागा नव्हती, म्हणून जिवंत दाखवतोय. बसलेत ती गावची लोकसंख्या. उभं आहे ते स्थलांतर."

सर पुण्यातल्या पेठेतले. रोज स्कूटरवरून पुण्याच्या कडेच्या आमच्या मांजरीला यायचे. खवचटपणा करायचा असला की मुलांना अहो-जाहो करायचे. त्यांनी खडू माझ्याकडे रोखला.

"सांगा बाई. लोकसंख्या कशाने बदलते?"

मला उत्तर येत होतं. "जन्म, मृत्यू आणि स्थलांतर."

"वा. आपला जन्म कुठला?"

"परभणीकडचा."

"म्हणजे आमच्या जन्मांत आपण नाही. मरायला तरी इथे थांबणार, की तीही सोय बाहेरच?"

वर्ग हसला. मी वहीकडे बघत राहिले. तेवढ्यात बसलेल्यांतून तनुजा बोलली. तनुजा आमच्या घरमालकाची मुलगी. तिच्या वडिलांच्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो.

"सर, आमच्या खोल्यांमध्ये मरायला परवानगीच न्हाय. मम्मी आधीच सांगती."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "घरमालक असावा तर असा. सरकारने त्यांच्याकडे शिकवणी लावावी."

तास संपेपर्यंत त्यांनी आम्हाला बसवलं नाही. वही हातावर धरून उभ्यानेच धडा लिहून घ्यायला लावला. नळाला पाणी कमी का? बाहेरचे आले म्हणून. रस्त्यात गर्दी का? बाहेरचे आले म्हणून. कचरा, झोपड्या, चोऱ्या, सगळं आमच्या नावावर. आणि ते सगळं मी लिहून घेतलं, माझ्याच हाताने, चांगलं वळणदार अक्षर काढून.

तनुजाचा राग करायचीही सोय नव्हती. ती खोटं बोलली नव्हती.

मांजरीत तेव्हा ऊस होता आणि उसाच्या कडेने इमारती उगवत होत्या. तनुजाच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांनी अर्धं वावर बिल्डरला दिलं आणि उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा बांधल्या. उसापेक्षा खोल्या बऱ्या, पाणी द्यावं लागत नाही, असं ते गमतीने म्हणायचे. आणि खरंच, धड देत नव्हते.

आम्ही खोली बघायला आलो तेव्हा मी लहान होते, मायचा पदर धरून चालणारी. पण आठवतं. अण्णांची बायको, तिला सगळे काकी म्हणायचे, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने बापाला नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. बापाने सांगितलं. काकीचा शेंग फोडणारा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"मागची रिकामी हाय. संडासाशेजारची. चालंल?"

"चालंल की," बाप म्हणाला. आम्हाला सगळंच चालायचं.

"दोन गोष्टी आधीच सांगती. बाळंतपण आपापल्या गावाला. मयत आपापल्या गावाला. आमच्या घरात देव हाय, सोयरसुतक चालत न्हाय. मधलं काय ते इथं करा."

मधलं म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. बाप सेंट्रिंगच्या कामाला जायचा. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू उभे करायचे, स्लॅब वाळला की काढून पुढच्या मजल्यावर न्यायचे, हे त्याचं काम. माय त्याच इमारतींत, लोक राहायला आले की, धुणीभांडी करायची. हे मधलं. पुण्याला आमचे हात हवे होते, पाठ हवी होती. बाळंतिणीचं रक्त आणि मेलेल्याचं अंग नको होतं. ते आम्ही आपापल्या गावी नेऊन टाकायचं, आणि हातपाय शिल्लक असले तर परत यायचं.

आपापलं गाव! काय होतं तिथे आमचं? गावाच्या खालच्या अंगाला वस्ती. ओढ्याच्या काठाला आमच्या लोकांची मयत जाळायची जागा, तीही पावसाळ्यात ओढा खाऊन टाकायचा. तिथे आम्ही गावकुसाबाहेरचे. इथे आलो तर गावाबाहेरचे. एसटीचा एवढा प्रवास करून आम्ही बाहेरून बाहेर आलो होतो, असंच म्हणायचं.

ज्या वर्षी मी वर्गात उभी राहिले, त्याच वर्षी माय पोटुशी होती. ती लुगडं सैल नेसायची, पदर पुढे घ्यायची, नळावर सगळ्यांच्या शेवटी जायची. पण पोट किती दिवस झाकणार? एका सकाळी काकीने तिला नळावरच गाठलं.

"कितवा?"

"आठवा सरला, काकी."

"मग अजून हितं काय करतीस?"

"सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. तिथंच होईन. तुम्हाला कसलाच तरास देणार न्हाई."

"दवाखान्यात हो, न्हाय तर इमानात हो. पोर घिऊन येणार कुठं? माझ्याच आवारात ना?" काकीने कळशी उचलली. "ह्या आठवड्यात गाव गाठ. न्हाय तर खोली सोड."

बाप अण्णांकडे गेला. अण्णा म्हणाले, "बायकांच्या कामात मी पडत न्हाय." बस, एवढंच. बापाला सुट्टी मिळेना, कारण स्लॅब टाकायचा होता. मग माझी शाळा बुडवून मला मायबरोबर दिलं.

एसटीत, नगरच्या पुढे, मायला कळा सुरू झाल्या. आधी तिने सांगितलंच नाही. पदर दातात धरून खिडकीबाहेर बघत बसली. मग तिचे पाय ओले झाले. कंडक्टर भला माणूस होता, त्याने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एक बाभळ होती. एसटीतल्या बायका उतरल्या. दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला. पुरुष पाठ करून उभे राहिले. एका म्हातारीने हात पुढे केला. मी मायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

मुलगा झाला. रडला नाही.

म्हातारीने त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकलं. रडला नाही.

"रडला का गं?" माय विचारत होती. "रडला का?"

"रडतोय माय," मी म्हणाले. "हळू रडतोय."

त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आम्ही त्याच गाडीने पुढे गेलो. गाडी पुढच्या गावाला जायचीच होती. लोकांनी आम्हाला मागची लांब सीट रिकामी करून दिली. गावी पोचल्यावर चुलत्याने ओढ्याच्या काठाला खड्डा केला.

पुस्तकातला धडा मला तोंडपाठ होता. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. माझा भाऊ कशात धरायचा? पुण्यात जन्मला नाही, म्हणून तो पुण्याचा नाही. गावापर्यंत पोचला नाही, म्हणून गावचाही नाही. तिन्ही कारणं एकाच बाभळीखाली घडून गेली आणि कुठल्याच गावाची लोकसंख्या एकाने वाढली नाही, की कमी झाली नाही. सरांना हे उदाहरण सांगावं असं मला फार वाटायचं. 

परत आलो तेव्हा काकी फाटकातच भेटली.

"पोर कुठाय?"

मायने मान हलवली.

"बरं झालं बाई, हितं न्हाय झालं," काकी म्हणाली. मुद्दाम दुष्टपणे म्हणाली असती तरी चाललं असतं. ती खरोखर सुटल्यासारखं म्हणाली. मग आठवण झाल्यासारखी पुढे आली. "सोयर फिटलं का? न्हाय तर बाहेरच थांब. नळाला हात लावू नगंस."

माय फाटकाबाहेर उभी राहिली. तिला पान्हा फुटत होता. चोळी ओली झाली होती आणि ती दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. बाप काकीपुढे हात जोडून म्हणत होता, "फिटलं काकी, फिटलं. दिवस भरूनच आलीय ती." सिमेंटने चिरा पडलेले हात. त्या हातांनी किती स्लॅब उचलून धरले होते, आणि इथे ते जोडलेले होते. मी ते बघितलं. 

वर्षं गेली. मी बारावी झाले आणि मांजरीतल्याच मेडिकलच्या दुकानात काउंटरवर लागले. अण्णा रक्तदाबाची गोळी माझ्याच हातून न्यायचे. गोळीला विटाळ नसतो. गाव महापालिकेत गेलं, त्या दिवशी चौकात जिलेबी वाटली. जमिनीचे भाव असे चढले की अण्णांच्या गळ्यातली साखळी जाड होत गेली. तनुजा इंजिनियर झाली, लग्न करून अमेरिकेला गेली. तिथे तिला मुलगी झाली.

अण्णांनी सगळ्या खोल्यांना पेढे वाटले. आमच्या दारात आले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता.

"तिथंच जन्मली पोरगी. म्हंजी तिथलीच झाली. जन्मानंच हक्क मिळतो तिकडं. लय चांगली पद्धत हाय त्या लोकांची."

बापाने पेढा खाल्ला. म्हणाला, "ग्वाड हाय, अण्णा." मायने तिचा पेढा फळीवर ठेवून दिला. त्याला मुंग्या लागल्या, तरी तिने तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. शेवटी मीच उचलून बाहेर फेकला.

मग बाप आजारी पडला. इतकी वर्षं सिमेंटची धूळ खाल्लेली छाती. आधी जिने चढता येईनात, मग चालता येईना, मग बोलता येईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता घरी न्या. मी त्याला खोलीवर आणलं. पत्र्याच्या भिंतीतून त्याचा खोकला दोन्ही रांगांना ऐकू जायचा. मालकांच्या बंगल्यापर्यंत जायचा.

नवरात्र सुरू होतं. सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होते. अण्णा दोन माणसं घेऊन दारात आले. मागे काकी. फाटकाजवळ टेम्पो उभा. टेम्पोत गादी अंथरलेली, तिच्यावर उशी, पाण्याची बाटलीसुद्धा. इतकी काळजी अण्णांनी आमची कधी घेतली नव्हती.

"जीव हाय तवर हलवा त्येला," अण्णा म्हणाले. "गावाला पोचंल. गाडी माझी. तुमी फकस्त बसा."

आवाजात दमदाटी नव्हती. आपण उपकार करतोय, असाच सूर होता. शेजारच्या खोल्यांतले लोक दारात येऊन उभे राहिले. कुणाच्या हातात ब्रश, कुणाच्या हातात भांडं.  त्यांनाही त्याच दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या होत्या.

मी मागे वळून बघितलं. माय गाठोडं बांधत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, आणि ती खाली बसून बापाचे सदरे चादरीत घालत होती. तिच्या हातांना ते आपोआप येत होतं. आणि बाप. बाप बोलू शकत नव्हता, पण त्याने लोखंडी पलंगाची पट्टी धरली होती. आयुष्यभर 'चालंल की' म्हणणारा माणूस. त्याने बोटं पांढरी होईपर्यंत पट्टी धरून ठेवली होती.

मला ती बाभळ दिसली. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा मांडीवर डोकं, पुन्हा लोक पाठ करून उभे. नाही. आता नाही.

मी उंबऱ्यावर बसले. आडवी, दाराची पूर्ण रुंदी अडवून.

"बा गाडीत चढणार नाही."

"काय म्हनलीस?"

"तो इथेच मरेल. स्वतःच्या अंथरुणावर."

अण्णांना हसू आलं. "अगं येडे, घट बसल्यात घरात. सुतक लागंल आमाला."

"सुतक कोणाला लागतं, अण्णा?"

"कुणाला म्हंजी?"

"मयत झाली की सुतक कोणाला लागतं? गावाला लागतं? वाण्याला लागतं? शेजाऱ्याला लागतं?"

"भावकीला लागतं," काकी मागून म्हणाली. सवयीने म्हणाली. इतकी वर्षं तिने हेच पाळलं होतं. म्हणून झाल्यावर तिचा हात तोंडाकडे गेला.

"बरोबर काकी. भावकीला लागतं. मग आमचं सुतक तुम्हाला लागत असेल तर आपण भावकी झालो. मायचं पोर गेलं तेव्हा तुम्ही सोयर धरून तिला फाटकाबाहेर उभी केलीत. तेव्हापासूनचं नातं आहे आपलं, मला कळायला उशीर झाला. आता अण्णा, बा गेला की तुम्ही दाढी करू नका. दहाव्याला माझ्याबरोबर पिंडाला या. आणि भावकी आहे तर वाटणीपण द्या. जास्त नको, ह्या मागच्या रांगेतल्या दोन खोल्या."

कुठल्या तरी दारातून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

अण्णांचा चेहरा बदलला. वाटणी हा शब्द जिथे लागायचा तिथे लागला होता. सुतकापेक्षा जोरात लागला.

"जात बघून बोल! कुनाची भावकी काढतीस? तुमची लायकी काय, आन् बोलताय काय! संडासाजवळची खोली दिली तीच चूक झाली माझी."

झालं. इतकी वर्षं देवाच्या आणि घटांच्या मागे झाकून ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता निदान कशाशी भांडायचं ते समोर होतं.

"तनुजाची मुलगी तिकडे जन्मली तर तिकडची झाली," मी म्हणाले. "माझा बाप इकडे मेला तर इकडचा का नाही?"

"त्ये येगळं. ती शिकून गेलीया. तुमी पोट भरायला आलाय."

"ती काय तिकडे उपाशी राहायला गेलीय?"

अण्णांनी माणसांना खूण केली. ती दोघं पुढे आली आणि थांबली. बाई उंबऱ्यात बसलेली, तिला ओलांडून आत जायचं कसं? एकाने माझ्याकडे बघितलं, एकाने जमिनीकडे. मी हलले नाही. भूगोलाच्या तासाला सांगितलं म्हणून उभी राहिले होते. इथे उठायला कोणीही सांगितलं असतं तरी उठले नसते.

टेम्पो गादी घेऊन परत गेला. दुपारी आमच्या खोलीची लाइट तोडली. नळाच्या तोटीला कुलूप घातलं.

बाप दुसऱ्या दिवशी गेला. दुपारची वेळ होती. माय त्याचे पाय धरून बसली होती, मी त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होते. पट्टी धरलेली बोटं सुटली, तेव्हा कळलं. पत्रा तापला होता. बाहेर बंगल्यात आरती चालू होती. आरती थांबली नाही. कोणतं सुतक आणि कोणाला?

अण्णांनी आवारात उभं राहून सांगितलं, जो खांदा देईल त्याने त्याच पावली खोली खाली करायची. दारं लागली. एकेक करून, कड्या लावल्याचा आवाज येत गेला. त्यांना मी दोष देत नाही. पण तो आवाजही मी विसरणार नाही.

दोन दारं लागली नाहीत. एक बिहारच्या रंगाऱ्याचं. एक नांदेडच्या फरशी बसवणाऱ्या पोराचं, ज्याच्याशी मी आजवर चार शब्दही बोलले नव्हते. तिसरं दार लागून पुन्हा उघडलं आणि तिसरा खांदा सोलापूरच्या एका मावशीने दिला. पदर कमरेला खोचून आली आणि म्हणाली, "मला काय, उद्या मलाबी कुणीतरी उचलायचंय." चौथा माझा.

स्मशानभूमीच्या दारात गावातले तिघेचौघे उभे होते. अण्णांचा निरोप आमच्या आधी पोचला होता.

"ही गावकीची जागा हाय. बाहेरच्यांनी आपली सोय बघावी."

बाप खांद्यावर होता. मला मोठ्याने ओरडताही येत नव्हतं, तिरडी हलली असती. मी तशीच म्हणाले, "महापालिकेत गेलात तेव्हा जिलेबी वाटलीत. जमिनीला भाव पुण्याचा पाहिजे, आणि सरण तेवढं गावकीचं? बाजूला व्हा. नाही तर इथेच दारात ठेवते ह्याला. मग तुम्हीच ठरवा, काय करायचं."

ते काही आमच्यासाठी बाजूला झाले नाहीत. दारात मढं राहील, या भीतीने झाले. मला तेवढं पुरलं. आत महापालिकेचा माणूस बसला होता. त्याने नाव विचारलं. मग विचारलं, "राहणार?"

"मांजरी," मी म्हणाले. बापाच्या नावापुढे ते गाव पहिल्यांदा लागलं. त्यासाठी त्याला मरावं लागलं.

अग्नी मी दिला.

त्याच संध्याकाळी आमचं सामान रस्त्यावर होतं. पलंग, डबे, मायचं गाठोडं. काकीने खोली गोमूत्राने धुतली, पत्र्यापर्यंत शिंपडली. खांदा देणाऱ्या त्या तिघांच्याही खोल्या गेल्या. सोलापूरची मावशी आपलं गाठोडं उचलून निघून गेली. त्या बिहारच्या माणसाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मायने माझं कौतुक केलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. ती रस्त्याच्या कडेला पलंगावर बसून म्हणाली, "तुझ्या तोंडानं छप्पर गेलं." ती अजून हेच म्हणते. दम्याने तिचा श्वास अडकतो, तरी म्हणते. मी ऐकून घेते.

त्या फरशीवाल्या पोराशी मी नंतर लग्न केलं. तो काम करतो त्या साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं राहतो. आता मला दिवस आहेत. त्याचं पुढचं काम पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वारज्याकडे लागलं, म्हणून मी वारज्यात खोली शोधते आहे. इकडे अण्णा नाहीत. इकडे सोसायट्या आहेत, दारात पायपुसणं आहे, पाणी विचारणारी सभ्य माणसं आहेत.

गेल्या आठवड्यात मायला घेऊन एका बाईंकडे गेले होते. निवृत्त, शिकलेल्या, बोलणं अगदी स्वच्छ. बंगल्यामागे एक खोली रिकामी होती. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. माझ्या पोटाकडे बघितलं आणि हसल्या.

"छान. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, नाही का? आणि आपल्या आईंचं वय झालेलं दिसतंय. काही बरं-वाईट झालं तर आपली व्यवस्था गावी असेलच."

अहो-जाहो. खडू रोखल्यासारखं.

मी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "दोन गोष्टी आधीच सांगते. मी इथेच बाळंत होणार, आणि बाळ घेऊन ह्याच खोलीत येणार. माझी आई मेली तर इथूनच उचलणार. खोली द्यायची तर ह्या दोन्ही गोष्टींसकट द्या. नुसतं मधलं आम्ही आता करत नाही."

बाईंचं हसू तसंच राहिलं. "मग आपण दुसरीकडे बघावं, हे बरं."

बघतेय. त्यानंतर चार दारं झाली. आडनाव विचारायच्या आधी, भाडं ठरायच्या आधी, मी दोन्ही गोष्टी सांगते. कोणी दार लावतं, कोणी कळवतो म्हणतं. माय रोज सकाळी म्हणते, "चल माय, गावाला जाऊ, उगं हट्ट करू नको." गाठोडं तिने बांधून दाराशी ठेवलंय. मी रोज ते सोडते, सदरे-लुगडी दोरीवर टाकते. ती पुन्हा बांधते.

मला नववा लागलाय. मी एसटीत बसणार नाही.